कुठले शरद जोशी? : नामसाधर्म्याचा एक धांडोळा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चाकण पट्ट्यातल्या एका लहानशा वाचनालयाने पुस्तकांची नव्याने मांडणी काढली होती. हाताशी माणूस नव्हता, म्हणून रविवारी येऊन मदत करण्याचा निरोप मला आला. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलेला माणूस. वस्तू जागच्या जागी लावणे एवढेच मला येते. 'शेती' असे लिहिलेले कपाट मी उघडले. ठिबक सिंचन, कांद्याची साठवण, गांडूळखत अशा पुस्तकांच्या रांगेत शरद जोशी यांची चार पुस्तके होती. तीन मराठी, एक हिंदी. हिंदी पुस्तकाचे नाव 'जीप पर सवार इल्लियाँ'. इल्ली म्हणजे पिकावरची अळी. लेखक शरद जोशी, विषय अळी, तेव्हा कपाट शेतीचे. ज्याने कोणी हे पुस्तक तिथे लावले, त्याचा तर्क बिनतोड होता. चूक एवढीच की हे शरद जोशी ते शरद जोशी नव्हेत.

ते पुस्तक हिंदीतले नामवंत व्यंगकार शरद जोशी यांचे. आंबेठाणच्या शरद जोशींचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी पुस्तक काढून 'हिंदी ललित' या कप्प्यात ठेवले आणि घरी आलो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. एका नावाची दोन मोठी माणसे एकाच काळात होऊन गेली, तर पुढच्या पिढीच्या हाती त्यांतले कोण लागते? आणि ज्याचे नाव चुकीच्या कपाटात गेले, त्याचे काय होते? या लेखाचे मूळ त्या कपाटात आहे.

आंबेठाणचे जोशी, उज्जैनचे जोशी

आधी आमच्या शेजारच्यांबद्दल. शरद अनंतराव जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यात झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी, काही काळ अध्यापन, मग भारतीय टपाल सेवेत अधिकारी, आणि १९६८पासून स्वित्झर्लंडमधल्या बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी. तिथून राजीनामा देऊन ते भारतात परतले आणि १९७७च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. त्या शेताला त्यांनी नाव दिले 'अंगारमळा'. कांदा, बटाटा, काकडी अशी पिके घेऊन त्यांनी पै-पैचा हिशेब मांडला. शेतकरी आळशी किंवा अडाणी आहे म्हणून तोट्यात जातो ही समजूत त्या हिशेबात टिकली नाही. भावच असा ठरवला जातो की खर्च भरून निघू नये, हा निष्कर्ष त्यांनी काढला आणि 'शेतमालाला रास्त भाव' या एका कलमावर चळवळ उभी केली.

चाकणचा कांदा हे तिचे पहिले रणांगण. पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी बसले ते इथेच. १९७९मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली, 'वारकरी' हे साप्ताहिक निघाले. जानेवारी १९८०मध्ये भामा नदीच्या खोऱ्यातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत बायाबापड्यांसह एक मोर्चा चालत आला. मागणी होती फक्त रस्त्याची. मी तेव्हा शाळकरी पोर. पुढे नाशिकचे ऊस-कांदा आंदोलन, निपाणीचे तंबाखू आंदोलन, १९८६चा चांदवडचा महिला मेळावा, १९९४मध्ये स्वतंत्र भारत पक्ष, २००४ ते २०१० राज्यसभेचे सदस्यत्व, आणि १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात निधन.

आता दुसरे शरद जोशी. जन्म २१ मे १९३१, उज्जैन. मध्य प्रदेश सरकारच्या नोकरीतून बाहेर पडून ते पूर्णवेळ लेखक झाले आणि पुढे मुंबईत स्थायिक झाले. हिंदीत व्यंगलेखनाला जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात हरिशंकर परसाई यांच्या जोडीने यांचे नाव घेतले जाते. 'नवभारत टाइम्स'मधले त्यांचे 'प्रतिदिन' हे रोजचे सदर वाचून लोक दिवसाची सुरुवात करीत. 'छोटी सी बात', 'उत्सव' अशा चित्रपटांचे संवाद त्यांचे. १९८४मध्ये दूरदर्शनवर आलेली आणि घराघरांत पोहोचलेली 'ये जो है जिंदगी' ही मालिका त्यांनीच लिहिली. १९९०मध्ये पद्मश्री मिळाली आणि ५ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

दोघांच्या वयात चार वर्षांचे अंतर. दोघेही आपापल्या कामाच्या भरात होते ते १९८०च्या दशकात. १९८४च्या मार्चमध्ये आमचे शरद जोशी चंदीगडला पंजाबच्या शेतकऱ्यांबरोबर राजभवनाला वेढा घालून बसले होते, आणि त्याच वर्षी दुसऱ्या शरद जोशींचे नाव दूरदर्शनच्या पडद्यावर झळकू लागले. पंजाब-हरियाणातल्या एखाद्या घरात संध्याकाळी मालिकेच्या श्रेयनामावलीत ते नाव वाचणाऱ्या माणसाने, हा नेता मालिकाही लिहितो का, असे विचारले असते तर त्यात नवल नव्हते.

आमच्याकडे तो घोटाळा पंचवीस वर्षांनी झाला. २००९मध्ये एका वाहिनीवर 'लापतागंज' ही मालिका सुरू झाली. ती व्यंगकार जोशींच्या कथांवर आधारलेली होती आणि त्यांचे नाव ठळकपणे दाखवले जाई. तेव्हा आंबेठाणचे जोशी राज्यसभेत होते. आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एका कामगाराने मला विचारले, "हे आपल्या आंबेठाणचेच ना? खासदार झाल्यावरही गोष्टी लिहितात म्हणजे कमाल आहे." तो पोरगा बाहेरच्या जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेला. त्याला निदान नाव तरी माहीत होते. आज आमच्या भागात खोली घेऊन राहणाऱ्या हजारो तरुणांना चाकण म्हणजे वाहनांचे कारखाने, एवढेच ठाऊक आहे. ज्या रस्त्यावर त्यांची बस तासभर अडकते, त्याच रस्त्यावर एके काळी कांद्याच्या भावासाठी लोक बसले होते, हे त्यांना सांगणारे कोणी नाही.

अळी आणि जीप

चुकीच्या कपाटातून काढलेले ते पुस्तक मी नंतर वाचले, आणि लावणाऱ्याची चूक वाटली तेवढी मोठी नव्हती असे माझ्या लक्षात आले. शीर्षकाच्या लेखात हरभऱ्यावर अळी पडल्याची बातमी येते. सरकारी यंत्रणा हलते, पाहणी ठरते, जीप निघते. पाहणीला गेलेले साहेब शेतातला हिरवा हरभरा खात आणि सोबत घेत परततात. पिकावरची अळी आणि जीपमधली अळी यांत शेताला जास्त खाणारी कोणती, हे ठरवण्याचे काम लेखकाने वाचकावर सोडले आहे.

आंबेठाणच्या जोशींनी आकडेवारीने जे मांडले, तेच उज्जैनच्या जोशींनी हसत हसत मांडले होते. शेतकऱ्याचे नुकसान निसर्ग जितके करतो, त्याहून अधिक त्याच्या नावाने चालणारी व्यवस्था करते. एकाचे शस्त्र उत्पादनखर्चाचा तक्ता, दुसऱ्याचे विनोद. म्हणून नामसाधर्म्य हे निव्वळ गमतीचे नसते असे मला वाटते. नाव एक असल्यामुळे आपण दोन माणसे शेजारी ठेवतो, आणि मग कधी कधी दिसते की ती खरोखरच शेजारी ठेवण्याजोगी होती. मात्र त्यासाठी ती दोन आहेत हे आधी माहीत असावे लागते.

गंमत म्हणजे व्यंगकार जोशींनी नामसाधर्म्यावरच एक नाटक लिहिले आहे: 'एक था गधा उर्फ अलादाद खाँ'. एका धोब्याचे अलादाद नावाचे गाढव मरते. अलादाद गेला ही खबर नवाबापर्यंत पोहोचते तेव्हा त्याला तो माणूस वाटतो आणि लोकप्रियतेसाठी तो अंत्ययात्रेला खांदा देण्याचे जाहीर करून बसतो. खरा प्रकार कळल्यावर शब्द मागे घेण्याची सोय उरत नाही. मग त्याच नावाचा एक जिवंत माणूस शोधला जातो, आणि अंत्ययात्रेसाठी त्याला मारले जाते. नोंद चुकली तर नोंद दुरुस्त करण्याऐवजी माणूसच नोंदीप्रमाणे करून घ्यायचा, असा सत्तेचा स्वभाव त्यात दाखवला आहे. हे नाटक मला इतके का लागले, याचे कारण लेखाच्या शेवटाकडे सांगतो.

बापाचे नाव कशासाठी

आपल्याकडे नाव तीन पदांचे: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. तमिळनाडूत बहुधा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावतात आणि आडनाव नसते. उत्तरेत बापाचे नाव सहसा नावात येतच नाही. मराठी पद्धतीत मधले पद हे नावाच्या सारखेपणावरचे औषध आहे. दोन विनायक भावे पाहा. विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) हे 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते, प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास सिद्ध करणारे, १८९३मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे करणाऱ्यांपैकी एक. विनायक नरहर भावे (१८९५–१९८२) म्हणजे आचार्य विनोबा, भूदानाचे प्रवर्तक. गांधीजींच्या आश्रमात 'विनोबा' हे नाव रुळले आणि पुढचा गोंधळ टळला. ते रुळले नसते, तर ज्ञानेश्वरीबद्दल लिहिणारा भावे कोणता, हे दर वेळी विचारावे लागले असते. कारण दोघांनीही संतवाङ्मयावर लिहिले आहे.

मधले पदही सारखे निघाले तर? विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) सर्वांना माहीत आहेत. विनायक दामोदर कर्नाटकी (१९०६–१९४७) म्हणजे 'मास्टर विनायक', कोल्हापूरचे चित्रपट-दिग्दर्शक आणि नट, अभिनेत्री नंदा यांचे वडील. पहिली दोन पदे जशीच्या तशी. इथे आडनाव मदतीला येते, आणि आडनावाच्याही आधी 'स्वातंत्र्यवीर' आणि 'मास्टर' ही बिरुदे.

पेंढारकर या आडनावाने तर चित्रपट आणि नाटक या दोन शेजारच्या क्षेत्रांत अभ्यासकांची परीक्षाच घेतली आहे. चित्रपट-दिग्दर्शक भालजी पेंढारकर यांचे मूळ नाव भालचंद्र गोपाळ पेंढारकर. त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. १९९४मध्ये त्यांचे निधन झाले. संगीत नाटकांचे गायक-नट आणि 'ललितकलादर्श'चे चालक भालचंद्र पेंढारकर (१९२१–२०१५) हे वेगळे. रंगभूमीवरचे लोक त्यांना 'अण्णा' म्हणत. त्यांचे वडील व्यंकटेश बळवंत, म्हणजे बापूराव पेंढारकर, हेही 'ललितकलादर्श'चे. आणि भालजींचे थोरले बंधू, चित्रपटातले नामांकित नट, ते बाबूराव पेंढारकर. बापूराव आणि बाबूराव यांत एका अक्षराचा फरक. जुन्या छपाईत तो खिळा उलटसुलट बसला की नाटकातला माणूस चित्रपटात जाई.

राजवाडे बंधूंची कथा लिपीची आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत काढली. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे संस्कृतचे पंडित, यास्काच्या निरुक्तावर त्यांचे मोठे काम आहे. देवनागरीत एक वि. का., दुसरे वै. का. मात्रेने काम भागते. रोमन लिपीत दोघांचीही आद्याक्षरे हुबेहूब एक, आणि इंग्रजी ग्रंथसूचीत थोरल्याची पुस्तके धाकट्याच्या नावावर जायला काही अडचण उरत नाही. आद्याक्षरांची आपली आवड, म्हणजे पु. ल., वि. स., ना. सी., जी. ए., किती उपयोगी आहे हे यावरून कळते, आणि ती देवनागरीतच ठेवली पाहिजे हेही कळते.

माणूस स्वतःही व्यवस्था करतो. नवकथेचे एक प्रवर्तक अरविंद गोखले (१९१९–१९९२) यांच्या नावाचेच पत्रकार, 'केसरी'चे संपादक राहिलेले गोखले आपले नाव 'अरविंद व्यं. गोखले' असे लिहितात. ते एक 'व्यं.' वाचकावर उपकार करणारे आहे. आधी आलेल्या माणसाचे नाव त्याच्याकडेच राहू द्यावे, हा त्यातला शिष्टाचारही मला मोलाचा वाटतो.

बायकांच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था उलटी चालत आली. लग्नानंतर तिन्ही पदे बदलत. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका तांबे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) माहेरच्या मनकर्णिका गोखले. दोघींना सासरी लक्ष्मी हेच नाव मिळाले. एकीने तलवार धरली, दुसरीने लेखणी. दोघींचे जन्माचे नाव सारखे आणि मिळालेले नावही सारखे. आपल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळींत लक्ष्मी, सरस्वती, रमा, राधा अशी सुनांची नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, तेव्हा त्यांतली कोण कोणाची लेक, हे शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शरद जोशींनी १९९०च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायला लावले. त्याचा आर्थिक अर्थ सगळे सांगतात. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो: त्या बायकांची नावे पहिल्यांदाच सरकारी दप्तरात स्वतंत्रपणे लागली.

एक ज्ञानदेव की दोन?

आळंदी आणि देहू ही आमच्या गावापासून सायकलने गाठता येणारी गावे. मराठीतला नावांचा सर्वांत गाजलेला वाद याच मातीतला आहे. १८९८मध्ये शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात लेख लिहून एक खळबळजनक मत मांडले. ज्ञानेश्वरी लिहिणारे आपेगावचे ज्ञानदेव वेगळे आणि अभंग लिहिणारे आळंदीचे ज्ञानेश्वर वेगळे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची कारणे अशी: ज्ञानेश्वरीत विठ्ठलाची भक्ती दिसत नाही, तिचा कर्ता नाथपंथी आणि शैव वळणाचा वाटतो, तर अभंग विठ्ठलमय आहेत; शिवाय अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीहून बरीच अर्वाचीन आहे.

वारकरी अभ्यासक आणि पंडित या दोघांनीही त्यावर उत्तरे दिली. ओवीबद्ध टीका ही ग्रंथाच्या चौकटीत चालते आणि अभंग मोकळ्या गळ्याने गायला जातो, तेव्हा दोन्हींत फरक असणारच. अभंग तोंडोतोंडी टिकले, आणि तोंडातली भाषा प्रत्येक पिढीबरोबर बदलते; पोथीतली भाषा तेवढी बदलत नाही. आज बहुतेक अभ्यासक ज्ञानदेव एकच मानतात. तरीही भारद्वाजांचे लेख मला फुकट गेलेले वाटत नाहीत. 'एकच कशावरून?' हा प्रश्न श्रद्धेच्या विषयातही विचारता येतो आणि त्याचे उत्तर पुराव्याने द्यावे लागते, हे त्या वादाने मराठीला शिकवले.

नामदेवांच्या बाबतीत निकाल उलट लागला. 'नामा म्हणे' अशी मुद्रा असलेले सगळेच अभंग एकाचे नाहीत, हे अभ्यासकांना दिसून आले. एकनाथांच्या काळाच्या आसपास विष्णुदास नामा नावाचा एक मोठा कवी झाला. त्याने महाभारत ओवीत आणले, आख्याने लिहिली. त्याची रचना संत नामदेवांच्या गाथेत मिसळली गेली. दोघांच्या मध्ये जवळजवळ अडीचशे वर्षे. यात नुकसान दोघांचे झाले. विष्णुदासाचे श्रेय गेले, आणि नामदेवांच्या चरित्रात त्यांच्या काळी नसलेल्या गोष्टी शिरल्या. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे स्वतंत्र परंपरेने जपली गेली आहेत, म्हणून तुलनेला निदान एक आधार तरी आहे.

तुकारामांच्या बाबतीत एक सुखद योग सांगतो. संत तुकारामांचे अभंग छापून लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत एक नाव तुकाराम तात्या पडवळ यांचे आहे. जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातला, 'जातिभेद विवेकसार' लिहिणारा हा मुंबईचा गृहस्थ. त्यामुळे ग्रंथसूचीत कर्ता तुकाराम आणि प्रकाशक तुकाराम असे दोन्ही येते, आणि नवख्याला ती छपाईची चूक वाटते.

गावात आणि दप्तरात

गावांनाही ही पीडा आहे. आमचे महाळुंगे खेड तालुक्यातले, इंगळे हे आडनाव जोडून ओळखले जाणारे. दुसरे बालेवाडीच्या क्रीडासंकुलाशेजारचे. तिसरे आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ. महाळुंग हे लिंबाच्या जातीचे मोठे फळ. कुरिअरची पाकिटे अजूनही बालेवाडीकडे फिरून येतात. नोकरीच्या मुलाखतीला तिकडे पोहोचलेला एक उमेदवार दोन तासांनी घामाघूम होऊन आमच्या गेटवर आल्याचे मी पाहिले आहे. नाव सारखे असण्याची किंमत ज्याच्याकडे वेळ आणि पैसा कमी, तोच जास्त मोजतो.

आता ते नाटक मला का लागले, ते सांगतो. माझ्या वडिलांच्या नावाचा आणखी एक माणूस गावात होता. नाव तेच, वडिलांचे नाव तेच, आडनाव तेच. तीन पदांची आपली व्यवस्था तिथे संपली. गावाला काही अडचण नव्हती. वडील 'मळ्यातले' आणि ते 'वेशीतले'. लहान मुलेसुद्धा चुकत नसत. पण सातबाऱ्यावर 'मळ्यातले' लिहायला रकाना नसतो.

औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा आमच्या एका तुकड्याच्या मोबदल्याची नोटीस वेशीतल्यांकडे गेली. पैसे त्यांच्या नावाने निघण्याच्या बेतात होते. नाव त्यांचेच होते; सही त्यांनी केली असती तर ती खोटी ठरली नसती. ते वडिलांपेक्षा गरीब होते आणि त्यांच्याकडे लग्नाच्या दोन मुली होत्या. संध्याकाळी ते नोटीस घेऊन आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "दादा, हे तुमचं आहे. माझ्या रानाचा गट नंबर हा नाही."

दुसऱ्या दिवशी दोघे मिळून कचेरीत गेले. तिथल्या माणसाने विचारले, तुम्ही ते नाही याचा पुरावा काय? जन्मतारखेचा दाखला दोघांकडेही नव्हता. शेवटी स्टॅम्प पेपरवर दोघांनी लिहून दिले की आम्ही एक नसून दोन आहोत, आणि अमुक गट नंबर याचा, तमुक त्याचा. पाच-सहा खेपांनी काम झाले. नोंद दुरुस्त करण्यासाठी दोन जिवंत माणसांना आपण दोन असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. अलादाद खाँपेक्षा त्यांचे नशीब चांगले, एवढेच म्हणायचे.

तो माणूस पुढे लवकर गेला. त्या वर्षी गावातल्या बऱ्याच जणांना वाटले की माझे वडील गेले. वडील नेहमी म्हणत, त्या कागदावर माझे आणि त्याचे नाव सारखेच लिहिलेय, पण नोटीस परत आणून देणारा तो होता, मी नव्हतो. हे कुठे लिहिले आहे? ते कुठेच लिहिलेले नव्हते. आज इथे लिहिले.

उपाय साधा आहे

स्टोअरमधल्या कामाने मला एक गोष्ट शिकवली. 'बोल्ट' म्हटले की शंभर प्रकारचे बोल्ट पुढे येतात. म्हणून प्रत्येक मालाला क्रमांक असतो. जमिनीला गट नंबर असतो तो त्याचसाठी. ग्रंथालयशास्त्रानेही हीच वाट धरली आहे. जगातली मोठी ग्रंथालये लेखकाच्या नावापुढे जन्म-मृत्यूची वर्षे लावतात. लेखक-कलावंतांसाठी सोळा अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांकाचीही पद्धत आहे. संगणक नाव पाहतो, माणूस पाहत नाही. एखाद्या नावाखाली दोघांची पुस्तके, दोघांची छायाचित्रे आणि दोघांच्या तारखा एकत्र आल्या, तर तिसराच एक माणूस तयार होतो: उज्जैनला जन्मलेला, बर्नला नोकरी केलेला, 'ये जो है जिंदगी' लिहून कांद्याचे आंदोलन करणारा. तो कधीच नव्हता. पण चार ठिकाणी तो छापला गेला की पाचवा माणूस त्यालाच खरा मानणार.

हे टाळायला फार खर्च येत नाही. लिहिणाऱ्याने पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावे, त्यात मधले पद गाळू नये. वर्षे माहीत असतील तर द्यावीत. गाव द्यावे. स्त्रीबद्दल लिहिताना माहेरचे नाव मिळाले तर तेही नोंदवावे. स्थानिक वाचनालयांनी निदान आपल्या तालुक्यातल्या लेखक-कार्यकर्त्यांची अशी एक वही करावी. आपल्या दारातल्या माणसाची ओळख आपणच नीट लिहून ठेवली नाही, तर दूरच्या माणसाने ती चुकवली म्हणून त्याला बोल लावता येत नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या वाचनालयात गेलो. दाखल नोंदवहीतल्या दोन्ही नोंदी काढल्या. एकीपुढे लिहिले: जोशी, शरद (१९३१–१९९१), उज्जैन, हिंदी व्यंगकार. दुसरीपुढे: जोशी, शरद अनंतराव (१९३५–२०१५), आंबेठाण, शेतकरी संघटना. मग 'जीप पर सवार इल्लियाँ' हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो. नियमाप्रमाणे ते हिंदी ललितात गेले आहे. पण शेतीच्या कपाटात, त्याच्या जुन्या जागेवर, मी एक चिठ्ठी ठेवून आलो: 'अळीवरचे आणखी एक पुस्तक समोरच्या कपाटात आहे. लेखक वेगळे. अवश्य वाचावे.'